क्लीनरूमचे गॉगल: तुर्भ्याचं दुकान, तीन सॅम्पल आणि ऑटोक्लेव्हमधून बाहेर आल्यावर काय उरलं

आधीच सांगते, हे उन्हाचे गॉगल नाहीत आणि वेल्डिंगचेही नाहीत. इंजेक्शनच्या कंपनीत जिथे व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, भरतात त्या स्टेराइल (निर्जंतुक) एरियात, म्हणजे क्लीनरूममध्ये, डोक्यापासून पायापर्यंत सूट चढवून शिफ्टभर उभं राहताना डोळ्यांवर जे लावतात ते गॉगल. नवी मुंबईत दिघ्यापासून नेरूळपर्यंत टीटीसी एमआयडीसीच्या पट्ट्यात आणि तिकडे तळोज्याला फार्मावाले भरपूर आहेत, त्यांना कळेल मी कशाबद्दल बोलतेय. परचेसने आणलं ते घालायचं आणि काच धुरकट झाली की एचव्हीएसीवाल्याला (एसी-हवा सांभाळणाऱ्याला) शिव्या द्यायच्या, असं सगळीकडे चालतं. मी क्वालिटीत आहे, यावेळी नवीन गॉगल निवडायचं काम आमच्या गळ्यात पडलं म्हणून नीट बघून घेतलं, त्याचा हा रिव्ह्यू. कंपनीचं, दुकानाचं आणि ब्रँडचं नाव टाकत नाही, ऑफिसच्या खरेदीचा विषय आहे आणि मला नोकरी हवीये.

दुकान तुर्भ्याला, एमआयडीसीत, आत गेलात की हेल्मेट, सेफ्टी शूज, हातमोजे यांचे ढीग छतापर्यंत. काउंटरवर मालकाचा मुलगा असतो. पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, गॉगल सगळे सेमच असतात, तुम्हाला किती डझन पाहिजे ते बोला." मी म्हटलं डझनाचं नंतर बघू, आधी ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या गरम वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनला, चालणारा कुठला आहे ते दाखव. मग मात्र त्याने बापाला फोन लावला, आणि बापाला खरंच माहिती होती, हे कबूल करायला हवं. काका नंतर स्वतः आले आणि मागच्या गोडाउनमधून तीन प्रकार काढून समोर ठेवले.

त्या तिघांवर यायच्या आधी एक गोष्ट, कारण ती न कळल्यामुळेच बहुतेक ठिकाणी चुकीचा माल येतो. क्लीनरूममध्ये गॉगल दोन वेगवेगळ्या कामांसाठी लागतो. एक, माणसापासून औषध वाचवायला: पापण्या, भुवया, डोळ्यांभोवतीची कातडी, तिथून सारखे कण गळत असतात, आणि त्यांच्यासोबत जंतूही. दोन, केमिकलपासून माणूस वाचवायला. पहिल्या कामाचं सांगायचं तर युरोपच्या जीएमपीचं (औषध बनवायच्या नियमांचं) अ‍ॅनेक्स १ आहे ना, त्याची नवी आवृत्ती ऑगस्ट २०२२ ला आली आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली, त्यात ग्रेड बीसाठी (औषध उघडं असतं त्या ग्रेड एच्या भोवतीची जागा) स्टेराइल मास्क आणि डोळ्यांवर स्टेराइल आवरण, चेहऱ्याची सगळी कातडी झाकली पाहिजे असं सरळ लिहिलंय. आधीच्या २००८ च्या आवृत्तीत गॉगलचं असं स्पष्ट नव्हतं, त्यामुळे बऱ्याच प्लांटमध्ये लोक नुसत्या हूड (डोकं झाकणारी टोपी) आणि मास्कवर आत जायचे आणि मधे डोळ्यांची पट्टी उघडी. एक्सपोर्टवाल्यांची तेव्हापासून धावपळ सुरू झाली आणि परचेसने काय केलं, तर "गॉगल" म्हणून जे स्वस्तात मिळालं ते उचललं.

आणि दुसरं काम लोक विसरतातच. ग्रेड बीमध्ये नुसत्या आयपीएने (अल्कोहोलने) पुसून भागत नाही, आयपीए स्पोअर (जंतूंची चिवट बीजं) मारत नाही, म्हणून ठराविक दिवशी स्पोरिसायडल, म्हणजे स्पोअर मारणारं केमिकल, मारावं लागतं, पेरासेटिक अ‍ॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवालं. ते डोळ्यात गेलं तर गंभीर प्रकार. डोळ्यात केमिकल गेलं की पंधरा मिनिटं पाण्याने धुवा असं बहुतेक एमएसडीएसवर (केमिकलच्या सेफ्टीच्या कागदावर) असतं, पण ग्रेड ए-बीमध्ये सिंक आणि ड्रेन ठेवायलाच बंदी आहे, म्हणजे पाणी एअरलॉकच्या (दोन दारांच्या मधल्या खोलीच्या) पलीकडे. तिथपर्यंत अर्धे डोळे मिटून जायचं. त्यामुळे गॉगल नुसता स्टेराइल असून चालत नाही, त्याला स्प्लॅशचं रेटिंगही पाहिजे, आणि हे मी आमच्या मीटिंगमध्ये बोलले तेव्हा एक साहेब म्हणाले, "क्लीनरूममध्ये कसला स्प्लॅश?" असो.

रेटिंग कसं बघायचं तर खोक्यावर नाही, गॉगलवरच कोरलेलं असतं, फ्रेमवर वेगळं आणि लेन्सवर वेगळं. ईएन १६६ (युरोपचं स्टँडर्ड) वाल्या मालावर फ्रेमवर ३ आकडा असेल तर थेंब आणि शिंतोडे अडतात, ४ म्हणजे जाड धूळ, ५ म्हणजे गॅस आणि बारीक धूळ. एफ अक्षर म्हणजे छोटी स्टीलची गोळी सेकंदाला ४५ मीटरने आदळली तरी टिकला, बी म्हणजे १२० मीटरने. लेन्सवर १ म्हणजे ऑप्टिकल क्लास सगळ्यात चांगला, शिफ्टभर घालायचा असेल तर हाच घ्या नाहीतर संध्याकाळपर्यंत डोकं उठतं. के म्हणजे चरे सहज पडत नाहीत, एन म्हणजे फॉग धरत नाही. अमेरिकन माल असेल तर झेड८७ लिहिलेलं असतं, शिंतोड्यांना डी३. आपलं भारतीय स्टँडर्ड आयएस ५९८३ पण आहे.

आता त्या एनची गंमत ऐका. दुकानातला मुलगा मला बोट लावून दाखवत होता, "मॅडम, एन आहे, गॅरंटी, फॉग होणारच नाही." तर ती टेस्ट अशी असते की लेन्स आधी पाण्यात भिजवून ठेवतात, मग ५० डिग्रीच्या पाण्याच्या वाफेवर धरतात आणि किमान आठ सेकंद धुरकट झाली नाही तर पास. आठ सेकंद! आमचा ऑपरेटर एकदा आत गेला की तास-दोन तास बाहेर येत नाही. म्हणजे एन नसेल तर घेऊच नका, पण एन आहे म्हणून निश्चिंतही होऊ नका. मी हे सांगितल्यावर काका हसले, मुलगा नाही हसला.

तर तीन सॅम्पल.

पहिला निळ्या कडेचा, शे-दोनशेवाला, खोक्यावर मोठ्या अक्षरात क्लीनरूम गॉगल. पट्टा विणलेल्या इलॅस्टिकचा, कपाळाला टेकतो तिथे फोमची पट्टी, आणि कडेला सरळ आरपार भोकं. हा बघताक्षणी बाद. विणलेल्या पट्ट्यातून धागे सुटतात, फोम घाम पितो आणि त्याचे कण गळतात, तो निर्जंतुक करणं तर सोडाच, नीट सुकतसुद्धा नाही. आणि आरपार भोकं म्हणजे तुमच्या पापण्यांवरून आलेली हवा थेट व्हायलच्या दिशेने, आणि उलटा शिंतोडा थेट डोळ्यात. पाच रुपयांचं स्टिकर लावलं की झाला क्लीनरूमचा. असाच माल आम्हाला आधी एका सप्लायरने, तो या दुकानातला नव्हे, पूर्ण लॉटभर पाठवला होता आणि परत घ्यायला तयार नव्हता, म्हणे खोकं उघडलं. अहो खोकं न उघडता फोम दिसणार कसा?

दुसरा पारदर्शक, एकसंध मऊ बॉडीचा, पॉलिकार्बोनेटची लेन्स, सिलिकॉनचा सपाट पट्टा, हवेच्या भोकांवर टोप्या बसवलेल्या, म्हणजे हवा वळसा घेऊन आतबाहेर होते, शिंतोडा सरळ आत येत नाही. हा ऑटोक्लेव्हेबल, १२१ डिग्रीला. किंमत हजारांच्या घरात.

तिसरा एकदाच वापरून टाकायचा, गॅमा किरणांनी स्टेराइल केलेला, डबल पाउचमध्ये सील. लेन्स हलकी पिवळसर दिसते त्यावरून घाबरू नका, पॉलिकार्बोनेटला गॅमा लागला की रंग थोडा बदलतो. घालायला सगळ्यात हलका. पण रोज तीन शिफ्ट, प्रत्येक एन्ट्रीला नवा, मग कचऱ्याचा ढीग आणि बिलाचाही.

माझं म्हणणं असं की दुकानात गॉगल डोळ्याला लावून आरशात बघण्याला शून्य अर्थ आहे. काकांना हे पटलं आणि त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारची सॅम्पल प्लांटवर न्यायला दिली, चलन बनवून, पैसे न घेता. या एका गोष्टीसाठी दुकानाला एक स्टार जास्त.

प्लांटवर काय केलं, तर पूर्ण गाउनिंग करून बघितलं. आत घालायचे कपडे, हूड, मास्क, मग गॉगल, पट्टा हूडच्या वरून. इथे पहिला फरक कळतो. मास्कची वरची कड नाकावर नीट दाबली नसेल तर श्वास वर जातो आणि लेन्सच्या आत जमतो, मग जगातलं कुठलंही कोटिंग कामाचं नाही. आमच्याकडे रूम २० डिग्रीच्या आसपास असते, गॉगलच्या आत चेहऱ्याची गरम दमट हवा आणि बाहेरून लेन्स गार, पाणी धरणारच, जुलैत भरलेल्या एनएमएमटीच्या बसची काच आतून होते तसंच. चांगलं अँटीफॉग कोटिंग पाण्याला थेंब होऊ देत नाही, पातळ थर करून पसरवतं, म्हणून आरपार दिसत राहतं. पण तो थरही भरला की ओघळ यायला लागतात. ज्यांना खूप घाम येतो अशा मुद्दाम निवडलेल्या ऑपरेटरांना दिला, कारण ज्याला घामच येत नाही त्याच्यावर टेस्ट करून काय कळणार? दुसऱ्या प्रकारात कडेला हलका धूसरपणा आला, मधे स्वच्छ. तिसऱ्यात टोप्या छोट्या असल्यामुळे जरा जास्त धरलं. लोक घरी शेव्हिंग फोम, भांड्याचा साबण असले जुगाड करतात आणि काही जण बाजारातला अँटीफॉग स्प्रे आणतात, ते आत अजिबात चालणार नाही, लेन्सवर लावलेली कुठलीही गोष्ट शेवटी एरियात जाते.

दुसरा फरक फटीचा. हूडची कड, मास्कची कड आणि गॉगलची कड, या तिन्हींच्या मधे कातडी दिसता कामा नये. नाकाच्या दोन्ही बाजूला आणि कानशिलावर बघा, तिथेच फट राहते. छोट्या चेहऱ्याच्या मुलींना दुसरा प्रकार गालावर टेकत नव्हता, खाली बोटभर जागा. काकांना विचारलं लहान साइझ आहे का, तर म्हणे एकच साइझ येते, सगळ्यांना होते. सगळ्यांना म्हणजे सगळ्या पुरुषांना, असं मी म्हटलं. शेवटी वेगळ्या हूडबरोबर लावून फट बुजली, पण हा माझ्या दृष्टीने मोठा मायनस आहे. आणि हो, काजळ, टिकली, मस्कारा काही नाही, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं असतं तरी सणाच्या दिवशी चेंज रूमच्या आरशासमोर परत सांगावं लागतं.

चष्मेवाल्यांचा वेगळा विषय. चष्म्यावरून बसेल असा गॉगल घ्यायला लागतो, आणि नुसतं "चष्म्यावर बसतो" लिहिलेलं पुरत नाही, आजकालच्या मोठ्या चौकोनी फ्रेमा आत मावत नाहीत, काड्या सीलला उचलून धरतात आणि कानाजवळ फट पडते. आमच्या एका सीनियर भाऊंचा चष्मा अगदी त्यातलाच. त्यांनी अरुंद फ्रेमचा दुसरा चष्मा करून घेतला, तो चेंज रूममध्येच राहतो, वाइपने पुसून आत जातो. शिवाय चष्म्याच्या काचेवर वेगळा फॉग, त्याला गॉगलचं कोटिंग काहीच करू शकत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत.

आता ऑटोक्लेव्ह. खरा रिव्ह्यू इथेच आहे, कारण नवा गॉगल सगळेच चांगले दिसतात. वर सांगितलेले सगळे आकडे आणि अक्षरं नव्या गॉगलची असतात, दहा वेळा वाफेत शिजून आलेल्याची नाही. म्हणून सप्लायरकडे लेखी मागा की किती सायकलपर्यंत फॉग, इम्पॅक्ट आणि सील टिकतं. कोणी दहा म्हणतं, कोणी वीस. पॉलिकार्बोनेट १२१ डिग्रीला वितळत नाही, मऊ व्हायला साधारण १४७ डिग्री लागतात, पण गरम वाफेने प्लास्टिक हळूहळू आतून कमजोर होतं. आम्ही दुसरा प्रकार सप्लायरने लिहून दिलेल्या लिमिटपर्यंत फिरवला. गॉगल वेगवेगळ्या पाउचमध्ये, एकावर एक न रचता, पट्टा सैल करून, लेन्सवर कशाचाही दाब येणार नाही असे. काही सायकलनंतर ट्यूबलाइटखाली तिरका धरला तर लेन्सच्या कडेला, खोबणीत बसते तिथे, केसाएवढ्या बारीक रेघांचं जाळं दिसायला लागलं. समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही, तिरकाच धरावा लागतो. पट्ट्याची बकल पण जरा सैल झाली, एकदा लावलेला पट्टा मानेच्या हालचालीने घसरतो, आणि ग्रेड एसमोर उभं राहून घसरलेला गॉगल हाताने वर ढकलणं म्हणजे ग्लोव्ह्ज बदला, डेव्हिएशन (नियम मोडल्याची नोंद) लिहा, सगळं आलं. लिमिटच्या आत असताना मात्र दिसायला त्रास नव्हता आणि अँटीफॉगही बऱ्यापैकी राहिलं, म्हणून पास केला.

सायकल मोजायची सोय मात्र कंपनीने दिलेली नाही. मार्कर चालत नाही, शाई निघते, स्टिकर तर नकोच. आम्ही प्रत्येक गॉगलच्या बॉडीवर नंबर कोरून घेतला आणि लॉगबुक ठेवलं, कुठला गॉगल कितव्यांदा गेला ते. लिमिट झालं की कापून टाकायचा, नुसता बाजूला ठेवला तर नाईट शिफ्टमध्ये कोणीतरी परत उचलतं, गॅरंटी.

पुसताना सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. कोरड्या वाइपने लेन्स घासायची नाही. आधी स्वच्छ पाण्याने, मग कमी धागे सुटणाऱ्या विणलेल्या पॉलिस्टरच्या वाइपने टिपून घ्यायची. ७० टक्के आयपीए बाहेरच्या बाजूला थोडा वेळ चालतो, पण आतल्या कोटिंगवर रोज मारला तर त्याची वाट लागते, आतल्या बाजूचं तर सप्लायरच्या कागदावर काय लिहिलंय तेच करा. अ‍ॅसिटोन किंवा अमोनियावालं काहीही पॉलिकार्बोनेटच्या जवळ नको, लेन्सला तडे जातात. हाउसकीपिंगवाल्या ताईंनी एकदा काचेचा निळा क्लीनर वापरलेला बघितला होता मी, त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

घालताना पाउच एअरलॉकमध्ये फाडायचं, स्टेराइल ग्लोव्ह्ज घालून, आणि पट्टा धरूनच उचलायचा, लेन्सला हात नाही. पाउच ओलं असेल तर तो सेटच बाद, ओल्या पाउचमधून जंतू आत शिरतात, "सुकेल ना मॅडम" चालत नाही. आत फॉग झाला तर गॉगल उचलून वारा घ्यायचा नाही, बाहेर यायचं. काढताना मान पुढे झुकवून, डोळे मिटून, मागून पट्टा धरून काढायचा, कारण पुढच्या बाजूवर स्पोरिसायडलचे थेंब असू शकतात. पट्टा लॅटेक्सचा नाही ना तेवढं विचारून घ्या, काहींना अ‍ॅलर्जी असते.

पैशाचं बोलायचं तर परचेसने पहिल्या दिवशी निळ्या कडेच्याशी तुलना करून मला सुनावलं की तुमचा गॉगल दसपट महाग. मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं, धरा की गॉगल दोन हजाराचा आणि वीस सायकल चालला, तर एका वापराला शंभर, वर पाउच आणि ऑटोक्लेव्हचा खर्च. तो डिस्पोजेबलच्या आसपास येतो, कधी खाली कधी वर, तुमच्याकडे ऑटोक्लेव्हमध्ये जागा किती आहे त्यावर. निळ्या कडेच्याशी तुलनाच नाही, तो आत जाऊच शकत नाही. आम्ही रोजच्या लोकांसाठी दुसरा घेतला आणि ऑडिटर, मेंटेनन्स, व्हिजिटर यांच्यासाठी तिसरा थोडा स्टॉक. छोटा प्लांट असेल, ऑटोक्लेव्ह आधीच भरलेला असेल, तर मी सरळ तिसराच घ्या म्हणेन.

दुकानाबद्दल. काकांना माल कळतो, सॅम्पल देतात, सर्टिफिकेट मागितलं की लॉट नंबरसकट मेल करतात, उगाच गोल गोल बोलत नाहीत. मुलगा अजून डझनावरच आहे. डिलिव्हरी महापे-रबाळेला दुसऱ्या दिवशी, तळोज्याला वेळ लागतो. मुंबईत नागदेवीच्या बाजारात यापेक्षा स्वस्त मिळेल, पण तिथे कागद मागितले की दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघतो. मोठा मायनस म्हणजे सुटे पट्टे ठेवत नाहीत, बकल सैल झाली की पूर्ण गॉगल बदला, ऑर्डर देतानाच पट्ट्याचं लिहून घ्या. पाचपैकी दुकानाला चार, दुसऱ्या गॉगलला साडेतीन, लहान साइझ आणली तर अर्धा अजून देईन. ट्रान्स-हार्बरने तुर्भ्याला उतरून रिक्षा मिळते, पण जायच्या आधी फोन करा आणि काका आहेत का तेवढं विचारा, आणि शनिवारी जेवणानंतर जाऊ नका, शटर अर्धं खाली असतं.